चुंबक न चिकटलेली गाडी

माणूस खोटं बोलतो, पत्रा बोलत नाही. हे माझं वाक्य. रियाधच्या अल सुलै भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी ते इतक्या वेळा ऐकवलंय, की आता कोणी मान वर करूनसुद्धा बघत नाही. मी रंगारी. रत्नागिरीच्या खाडीकाठी होतो तेव्हा होड्या रंगवायचो. रियाधला आलो आणि पाण्याचे टँकर, चाळीस फुटी ट्रेलर रंगवायला लागलो, ते आजतागायत. बावीस वर्षं झाली. या बाजूला गोदामं, भंगाराची आवारं आणि आमच्यासारखी वर्कशॉपं. बाकी सगळी धूळ, आणि त्या धुळीतच रंगकाम करायचं. करून बघा एकदा.

आपल्या लोकांत माझं नाव झालं ते टँकरांमुळे नाही, चुंबकामुळे. जुन्या स्पीकरचा काढलेला गोल चुंबक, रंगावर ओरखडा पडू नये म्हणून फडक्यात शिवलेला. कोकणातला कोणीही इथे जुनी गाडी घ्यायला निघाला, की शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर ती आधी माझ्या दारात यायची. मी चुंबक पत्र्यावर ठेवायचो. चिकटला तर खाली लोखंड. घसरला तर खाली पुट्टी, म्हणजे गाडी कुठेतरी ठोकलेली, खड्डा भरून वरून रंग मारलेला. साधा हिशेब. या चुंबकाने मी किती जणांची तोंडं उतरवली असतील! खरं सांगायचं तर त्यात मला मजा यायची. विकणारा कसम खात असायचा, 'भाई, एकदम साफ गाडी आहे,' आणि माझा चुंबक त्याच्या समोर खाली पडायचा. बायको म्हणायची, 'निकाहाच्या दिवशी माझ्या गालालापण लावून बघितला असतात तुम्ही.' मी म्हणायचो, 'तेव्हा माझ्याकडे नव्हता.'

आमचा मुअल्लिम, म्हणजे वर्कशॉपचा मालक, जुना सौदी माणूस. त्याला एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या गाड्यांचं भारी वेड. नाव कशाला घ्या, तुम्ही ओळखालच. पट्ट्यावरून गाडी पुढे सरकवत जोडायची रीत ज्यांनी जगभर नेली म्हणतात, तीच. मुअल्लिमच्या बापाकडे त्या कंपनीचा पिकअप होता, वाळवंटात उंटांना पाणी न्यायचा. मुअल्लिम चहा पिता पिता सांगायचा, 'जपानी गाडी म्हणजे डबा. अमेरिकन गाडी म्हणजे हदीद!' हदीद म्हणजे लोखंड. छातीवर मूठ आपटून सांगायचा. रास तनुराला रिफायनरीत काम केलेले आपले जुने लोकही तसंच सांगायचे: तिथल्या अमेरिकन साहेबांच्या लांबलचक गाड्या, दार लावलं की धप्प आवाज, आतला एसी बर्फासारखा. पुढे इथे हवा बदलली. अमेरिकन गाडी पेट्रोल पिते, पार्ट महाग, विकायला गेलं की कोणी कुत्रं विचारत नाही, असं आमच्या गल्लीतले मेकॅनिक म्हणू लागले. त्यातून तिकडे ठोकलेल्या गाड्या जहाजात भरून इथे यायच्या, डागडुजी करून नव्यासारख्या विकल्या जायच्या. तो धंदा दलालांचा, कंपनीचा त्यात काय दोष? पण दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. अमेरिकन गाडी दिसली की माझा हात आपोआप खिशात जायचा.

आता माझा दोस्त. त्याचं आणि माझं घर एकाच मोहल्ल्यात, भिंतीला भिंत. शाळा एक, मशीद एक, पोहायला शिकलो तो धक्का एक. त्याला इथे मीच आणला. कोल्ड स्टोरेजमध्ये एसीचं काम करता करता तो सुपरवायझर झाला. त्याला चार पोरं, म्हणून त्याने त्याच अमेरिकन कंपनीची आठ सीटची मोठी गाडी घेतली, पांढरी, वापरलेली पण तुकतुकीत. कोणाकडून घेतली ते मला विचारलं नाही, चुंबकही लावू दिला नाही. एके दिवशी सरळ घेऊनच आला. हे मला तेव्हा लागलं. मी बोललो नाही, पण लागलं. त्या गाडीतून तो कुटुंबाला यान्बूपर्यंत घेऊन गेला समुद्र दाखवायला, आम्हाला पण बोलावलं होतं. मी काम आहे म्हणून सांगितलं.

पुढे खर्च झेपेना म्हणून त्याने बायकोपोरांना गावी पाठवलं, आणि दोन वर्षांनी स्वतःही नोकरी सोडली. कायमचं जायचं ठरवलं. त्याला खुरूज म्हणतात, कायमचा निघायचा शिक्का. आणि गाडी आपल्या नावावर असेल तोवर खुरूज निघत नाही. आधी गाडी दुसऱ्याच्या नावावर करा, मग जा. त्यात आठ सीटची गाडी. ती कुटुंब असलेल्या परदेशी माणसाच्याच नावावर होते, एकट्यादुकट्याच्या नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. आमच्या ओळखीत बहुतेक सगळे कँपात राहणारे, एकटे. कुटुंबवाला मी.

तेवढ्यात त्याच्या अब्बांची तब्येत बिघडल्याचा फोन आला. सुट्टीवर देशाबाहेर जायचा व्हिसा कंपनी देईना, कारण राजीनामा दिलेला. जायचं तर खुरूजवरच. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'गाडी तुझ्या नावावर करून घे. मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे. वापर, वीक, काहीही कर. मला फक्त जायला मिळू दे. अब्बांचं खरं नाही रे.'

कोणीही दुसरा असता तर 'आण इकडे' म्हणाला असता. मी काय म्हणालो? 'शुक्रवारी घेऊन ये. बघतो.'

कारण माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. एवढी घाई का? आणि मलाच का? गाडी विकणाऱ्याचा बाप नेहमी आजारीच असतो, हे मी बावीस वर्षं ऐकत आलोय. माझ्या अम्मीला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, 'खोकला आहे जरा, उठतात, बसतात.' झालं! खोकला म्हणजे काय मरण? मला वाटलं, हा आपल्याला शेंडी लावतोय. गाडी घेताना मला दाखवली नाही, त्याचं कारण आता कळेल.

शुक्रवारी तो आला. वर्कशॉप बंद होतं, आवारात आम्ही दोघंच. तो उतरला आणि बाजूला सावलीत जाऊन उभा राहिला, हातात मोबाइल. मी चुंबक काढला. बॉनेटवर ठेवला. घसरला. मी मनात म्हटलं, बरं, समोरून ठोकलेली आहे. डाव्या फेंडरवर ठेवला. घसरला. पुढचं दार, घसरला. मागचं दार, घसरला. उजवीकडून फिरलो, तेच. डिकीचं दार, तेच. एवढी पुट्टी मी जन्मात बघितली नव्हती! मग स्टूलवर चढून चुंबक छताच्या उतरत्या कडेला ठेवला. तिथूनही तो घसरत येऊन माझ्या हातात पडला.

आता तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, छताला कोणी पुट्टी लावतं का? हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता असं नाही. आला होता. पण संशयाला उत्तरांची काय कमी! मी म्हटलं, गाडी उलटली असणार. अमेरिकेत उलटली, जहाजातून आली, इथे कोणीतरी पूर्ण घडवली. आणि माझ्या पोरांना मी त्यात बसवायचं!

'तुझी गाडी उलटलेली आहे,' मी म्हटलं.

तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, 'नाही रे. या मॉडेलचा पत्राच ॲल्युमिनियमचा आहे. कंपनीने लोखंड सोडलं आता. वजन कमी करायला.'

मी हसलो. मोठ्याने हसलो. 'ॲल्युमिनियमची आमच्या घरी टोपं आहेत,' मी म्हटलं, 'भात शिजवायची. गाडी कोण बनवतं त्याची? आणि ही कंपनी? जिचं लोखंड वाळवंटात पन्नास वर्षं टिकलं, ती टोपाच्या पत्र्याची गाडी करील?' महागड्या गाडीचं एखादं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण अख्खी गाडी? आमच्या टँकर-ट्रेलरच्या दुनियेत असलं काही मी पाहिलं नव्हतं, आणि मी पाहिलं नाही ते नसतंच, अशी माझी पक्की खात्री.

तो म्हणाला, 'चल, तपासणी केंद्रात नेऊ. मशीन लावतील.'

'ते काय, ज्याने गाडी आणली त्याच्याच बाजूने बोलतात.'

यावर तो भांडला असता तर बरं झालं असतं. पण तो सारखा मोबाइल बघत होता, माझ्याकडे नाही. मला वाटलं, नजर मिळवायची हिंमत नाही. चोराच्या मनात चांदणं. गावाहून डॉक्टर काय म्हणाला त्याच्या निरोपाची तो वाट बघतोय, हे तो मला म्हणालासुद्धा होता. मी ते ऐकलं, आणि विश्वास ठेवला नाही.

'नाही जमणार मला,' मी म्हटलं. 'उद्या काही झालं तर माझ्या नावावर. दोस्ती दोस्तीच्या जागी.'

'ठीक आहे,' तो म्हणाला. गाडीत बसला आणि गेला.

इथवर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझं तोंड! जुबैलहून एकाचा फोन आला, कुटुंबवाला, त्याला मोठी गाडी हवी होती. 'तुम्ही बघितलीय ना?' त्याने विचारलं. मी म्हटलं, 'बघितली. सगळी पुट्टी आहे. छतासकट.' त्याने पुढच्याला सांगितलं. दोन दिवसांत रियाधपासून दम्मामपर्यंत आपल्या सगळ्या लोकांत बातमी गेली. माझ्या शब्दाला किंमत होती ना, मग ती अशी वसूल झाली. आणखी दोन गिऱ्हाइकं आली आणि गाडी न बघताच गेली. घरी जेवताना मी हे सांगितलं, तेव्हा माझी नववीतली पोरगी मोबाइल समोर धरून म्हणाली, 'पप्पा, इट्स ट्रू. फुल बॉडी ॲल्युमिनियम है इसका.' मी म्हटलं, 'मोबाइलमध्ये काहीही लिहितात. जेव.' बायको 'अहो, तुमचा दोस्त आहे तो,' एवढंच म्हणाली.

दहा दिवस असे गेले. अकराव्या दिवशी त्याचा फोन आला. 'हराजला नेतोय गाडी. परत यायला वाहन नसेल, येशील का मागून?' हराज म्हणजे जुन्या गाड्यांचा लिलाव. तिथे दलाल गाडीवर उभा राहून ओरडतो, लोखंडाचा ढीग समजून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही. एकदा तसं म्हटलं की विकणाऱ्यावर काही बंधन नाही. तिथे वस्तू मातीमोल जाते, म्हणून आपली माणसं सहसा जात नाहीत. मी गेलो. दलालाने त्या पांढऱ्या गाडीच्या पायरीवर चढून तेच सांगितलं, 'लोखंडाचा ढीग!', आणि मला, अल्ला माफ करो, आतून बरं वाटलं. म्हटलं, बघा, शेवटी असंच विकावं लागलं. साफ गाडी असती तर इथे आणली असती का?

गाडी एका बेदूने, म्हणजे वाळवंटातल्या अरबाने, घेतली. तिथल्या तिथे नावावर केली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोस्ताचं खुरूज निघालं, परवाचं तिकीट मिळालं.

आणि त्याच दिवशी दुपार उतरताना, असरच्या नमाजानंतर गावाहून फोन आला की त्याचे अब्बा गेले. आपल्यात मय्यत ठेवत नाहीत. रात्रीच्या इशाच्या नमाजाआत दफन झालं. तो पोहोचला तो दोन दिवसांनी, मातीला हात लावायला.

मी त्याला विमानतळावर सोडायला गेलो होतो. गळ्यात पडलो, रडलोही. खोटं रडलो नाही. चाचांनी, म्हणजे त्याच्या अब्बांनीच, मला पोहायला शिकवलं होतं. पण मनाच्या एका कोपऱ्यात मी तेव्हाही म्हणत होतो, यात माझा काय दोष? ज्याची वेळ त्याची. मी तर फक्त पत्रा तपासला.

चार महिने गेले. एका सकाळी मुअल्लिम वर्कशॉपला आला तो नवीकोरी गाडी घेऊन. तीच कंपनी, तेच मॉडेल, काळा रंग. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. सगळे जमले, मब्रूक मब्रूक, म्हणजे मुबारक, म्हणाले. त्याने मला बोलावलं, मागच्या काचेवर बापाचं नाव सोनेरी अक्षरात लिहून पाहिजे होतं. मी गाडीभोवती फिरलो. हात खिशात गेला. सवय. चुंबक दारावर ठेवला आणि तो खाली पडला.

मी उचलला, बॉनेटवर ठेवला. पडला. हात लांबवून छताच्या कडेला ठेवला. पडला. मुअल्लिम बघत होता. तो खो खो हसला आणि म्हणाला, 'हदीद? खलास हदीद! आता अलमनियम.' मग हसू थांबवून त्याने उसासा टाकला, माझ्या बापाची गाडी वेगळी, त्या गाड्या गेल्या, वगैरे बोलत राहिला. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी टँकरच्या मागे जाऊन बसलो. मी नावाचा रंगारी, आणि ॲल्युमिनियम कशाला म्हणतात ते मला कळलं नाही! बोटाने वाजवून बघितलं असतं तरी कळलं असतं. वाजवलं नाही, कारण मला कळायलाच नको होतं. दहा दिवस तो इथे अडकला ते गाडीमुळे नाही, माझ्यामुळे. मी त्या शुक्रवारी पाच मिनिटं दिली असती तर बापाच्या उशाशी बसायला त्याला आठवडा मिळाला असता.

दुपारच्या सुट्टीत मी त्याला फोन लावला. सगळं सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, 'मी सांगितलं होतं की तुला.'

'सांगितलं होतंस.'

'मग जाऊ दे आता.'

'जाऊ दे कसं? शिव्या घाल मला.'

'कशाला? थांब, अम्मी बोलतेय तुझ्याशी.'

चाचींनी फोन घेतला. मला म्हणाल्या, 'बेटा, तू होतास म्हणून त्याला तिथे आधार होता. सरकारी कागदांनी अडवलं पोराला, तरी तू धावपळ केलीस म्हणे. अल्ला तुला सुखी ठेवो.'

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्याने घरी सांगितलं होतं की कागदांमुळे उशीर झाला. मी ज्याची बदनामी दम्मामपर्यंत केली, त्याने माझी चूक स्वतःच्या आईपाशीसुद्धा काढली नव्हती. त्या मला दुआ देत होत्या आणि मला ती दुआ पेलवेना. मी म्हटलं, 'चाची, कागद नव्हते. मी अडवलं त्याला. मी त्याला खोटा ठरवला, गाडी घेतली नाही, दुसऱ्यांना घेऊ दिली नाही. माझ्यामुळे उशीर झाला.'

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि जरा वेळाने दोस्त बोलला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

'तिला कशाला सांगितलंस? तुझं मन हलकं झालं, पण तिचं काय? अब्बा गेल्यापासून ती रोज दुपारी तुमच्याकडे जाऊन बसते. तुझ्या अम्मीशिवाय तिला आहे कोण? आता कशी जाईल?'

मी म्हटलं, 'माफ कर.' त्याने फोन ठेवला होता.

त्या जुम्म्याला अम्मीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, पोरीचा अभ्यास विचारला, आणि मग म्हणाली, 'चार दिवस झाले, चाची आली नाही रे. मी हाक मारली तर दार लावून घेतलं. मी काही बोलले असेन का तिला? आठवून आठवून डोकं दुखलं माझं. काय चुकलं असेल माझं?'

'तुझं काही चुकलं नाही गं,' मी म्हटलं, आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागलो.